मार्टिन्सव्हिल: गाडी सुधारली आणि शर्यत बिघडली

9 एप्रिल 2022 च्या रात्री व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिल स्पीडवेवर नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यत संस्थेच्या कप मालिकेची शर्यत झाली. ‘नेक्स्ट जेन’ नावाची नवी गाडी या ट्रॅकवर पहिल्यांदाच धावत होती. शर्यत 403 फेऱ्यांची झाली. त्यातल्या 185 फेऱ्या चेस एलियट पुढे होता आणि 212 फेऱ्या विल्यम बायरन. म्हणजे सहा फेऱ्या सोडल्या तर बाकी सगळी रात्र दोघांनी वाटून घेतली. हाणामारीसाठी प्रसिद्ध असलेल्या या ट्रॅकवर लोक थंडीत कुडकुडत बसले आणि मिरवणूक बघून घरी गेले.

नॅसकारचा प्रेक्षक कमी होण्याची कारणं बरीच आहेत. डेटोना 500 ही वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत. 2006 साली अमेरिकेत ती सरासरी 1 कोटी 94 लाख लोकांनी टीव्हीवर पाहिली. 2024 मध्ये हा आकडा 60 लाखांच्या आसपास होता. ब्रिस्टल या ट्रॅकवरच्या सलग 55 शर्यतींची सगळी तिकिटं संपली होती, ती साखळी मार्च 2010 मध्ये तुटली. रिचमंड आणि डेटोनाच्या ट्रॅकनी प्रेक्षकांचे स्टँडच्या स्टँड काढून टाकले. ही घसरण नव्या गाडीच्या फार आधी सुरू झाली, त्यामुळे त्याचं खापर तिच्यावर फोडता येणार नाही. मार्टिन्सव्हिलचं दुखणं निराळं आहे. इथे ट्रॅक तोच, ड्रायव्हर तेच, प्रेक्षकही तेच; बदलली फक्त गाडी. एखादी शर्यत नेमकी कशामुळे रटाळ होते, हे इथे एकेक भाग सुटा करून बघता येतं.

ट्रॅक

मार्टिन्सव्हिल 0.526 मैलांचा, म्हणजे साधारण 847 मीटरचा. 1947 साली सुरू झालेला हा ट्रॅक नॅसकारच्या 1949 च्या पहिल्या मोसमापासून वेळापत्रकात आहे. आकार पेपरक्लिपसारखा: 800 फुटांचे दोन सरळ पट्टे आणि दोन्ही टोकांना जवळपास जागच्या जागी वळावं लागेल अशी अरुंद वळणं. वळणांचा उतार जेमतेम 12 अंश. सरळ पट्ट्यांवर डांबर, वळणांत काँक्रीट. विजेत्याला करंडकाऐवजी माणसाच्या उंचीहून मोठं लंबकाचं घड्याळ मिळतं.

इथे फेरी 20 सेकंदांच्या आत-बाहेर असते आणि प्रत्येक फेरीत दोनदा कचकचून ब्रेक मारावा लागतो. 500 फेऱ्यांच्या शर्यतीत हजार वेळा. जुन्या गाडीत या ट्रॅकची सगळी गंमत त्यातच होती. ब्रेकच्या डिस्क तापून नारिंगी व्हायच्या. ज्याने पहिल्या 100 फेऱ्यांत ब्रेक जाळले, त्याची गाडी शेवटच्या 50 फेऱ्यांत थांबायचीच नाही. मागचे टायर सुटायला लागले की वळणातून निघताना गाडी आडवी जायची, गॅस जपून द्यावा लागायचा. समोरचा जरा चुकला की मागचा आतल्या बाजूने घुसायचा. नाही घुसता आलं तर बंपरने हलकाच ढोसायचा आणि समोरच्याला वर सरकवून पुढे जायचा. ‘बंप अँड रन’ ते हेच. प्रेक्षक तिकीट काढायचा तो या चुका बघायला.

गाडीत काय बदललं

नेक्स्ट जेन 2021 मध्येच येणार होती. कोविडमुळे ती 2022 मध्ये आली. संघांचा खर्च आटोक्यात आणणं, नव्या कंपन्यांना खेळात ओढणं आणि गाडी शोरूममधल्या गाडीच्या जवळ नेणं, हे हेतू होते. पूर्वी संघ बरेच भाग आपापल्या कारखान्यात घडवायचे. आता बहुतेक भाग ठरवून दिलेल्या एकेकाच पुरवठादाराकडून घ्यावे लागतात. हेतूंबद्दल तक्रार नाही. पण मार्टिन्सव्हिलच्या दृष्टीने भाग एकामागून एक तपासले की चित्र स्पष्ट होतं.

चाक 15 इंची स्टीलचं होतं, ते 18 इंची अ‍ॅल्युमिनियमचं झालं. रुंदी साडेनऊ इंचांवरून 12 इंच झाली आणि पाच नटांच्या जागी मधोमध एकच नट आला. टायर रुंद झाला, त्याची भिंत बुटकी झाली. रुंद टायर जमिनीला जास्त धरून ठेवतो, वळणात गाडी सुटत नाही. जुन्या उंच भिंतीचा टायर सुटायच्या आधी लोळायचा आणि ड्रायव्हरला तशी चाहूल द्यायचा. नवा बराच वेळ पक्का धरतो आणि सुटतो तो एकदम. त्यामुळे ड्रायव्हर त्या काठापर्यंत जायचंच टाळतो.

मोठ्या चाकात मोठी डिस्क मावते, म्हणून ब्रेक मोठे झाले. हा सगळ्यात दूरगामी बदल, आणि याची चर्चा सगळ्यात कमी झाली. ब्रेक चांगले झाले की ब्रेक मारायचं अंतर आखडतं. ओव्हरटेक होतो तो याच अंतरात: समोरचा ज्या खुणेवर ब्रेक मारतो, तिच्यापुढे दोन गाड्या जाऊन तुम्ही मारता. पण सगळेच जर वळणाच्या तोंडाशी येऊन ब्रेक मारू लागले, तर त्याहून उशिरा मारायला जागा कुठली उरणार? शिवाय हे ब्रेक सहजासहजी जळत नाहीत, त्यामुळे ते जपणाऱ्याला शेवटी मिळणारं बक्षीसही गेलं.

मागचा अखंड अ‍ॅक्सल जाऊन प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं. वळणातून बाहेर पडताना गाडी स्थिर राहते. चार गिअरच्या एच-पॅटर्नच्या जागी पाच गिअरचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स आला: दांडा मागे ओढला की वर, पुढे ढकलला की खाली. जुन्या गाडीत मार्टिन्सव्हिलला ड्रायव्हर चौथ्यातच राहायचे. वळणात वेग जास्तच कमी झाला तर इंजिन दमायचं आणि पुढचा अख्खा पट्टा तो तोटा अंगावर घेऊन काढावा लागायचा. आता खालचा गिअर टाकला की इंजिन पुन्हा जोरात. चूक लगेच भरून निघते आणि मागच्याला तिचा फायदा उठवायला वेळच मिळत नाही. इथे गिअर बदलण्याची गरजच ठेवू नका, असं ड्रायव्हर वारंवार सांगत आले ते याचसाठी.

इंजिन तेच जुनं 358 घनइंची व्ही-8, पण ताकद कमी केलेली. 2021 पर्यंत छोट्या ट्रॅकवर 750 अश्वशक्ती मिळायची; नव्या गाडीला 670 दिली. हे करतात ‘टेपर्ड स्पेसर’ नावाच्या जाड पट्टीने. थ्रॉटल बॉडी आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मध्ये ती बसते आणि तिच्यातली भोकं खाली निमुळती होत गेलेली असतात. भोक लहान तितकी हवा कमी, हवा कमी तितकी ताकद कमी. आता टायर रुंद, ब्रेक मोठे, मागचं सस्पेन्शन सुधारलेलं आणि ताकद घटलेली. वळणातून निघताना मागची चाकं जागीच फिरू नयेत म्हणून पूर्वी गॅसवरचा पाय सांभाळून ठेवावा लागायचा. आता बराच लवकर दाबून टाकता येतो. सगळ्यांनाच.

आणि ‘सगळ्यांनाच’ हीच तर खरी अडचण. भाग एकाच दुकानातले असल्यामुळे पहिल्या आणि विसाव्या गाडीच्या वेगातलं अंतर आक्रसलं. पुढे जायला वेगात फरक लागतो. 847 मीटरच्या वर्तुळात 37 गाड्या सोडल्या की प्रत्येकीच्या वाट्याला 23 मीटर येतात. आघाडीवरचा काही फेऱ्यांतच शेपटाशी पोचतो. पूर्वी मागे पडलेल्या गाड्या ओलांडताना आघाडीवीर अडकायचा आणि दुसऱ्याला संधी मिळायची. आता दोघेही तिथेच अडकतात, कारण शेवटच्या गाडीलासुद्धा ओव्हरटेक करणं सोपं राहिलेलं नाही.

त्या एप्रिलच्या रात्री थंडीनेही हात धुऊन घेतले. काँक्रीट गार असलं की टायरचं रबर जमिनीला नीट चिकटत नाही. रबराचे थर चढले की आतली वाट घसरडी होते, ड्रायव्हर वरची वाट शोधतात आणि ट्रॅक रुंद होतो. तसं काही घडलं नाही. सगळे एकाच वाटेवर राहिले.

नॅसकारने काय करून पाहिलं

2023 मध्ये छोट्या ट्रॅकसाठी मागचा स्पॉयलर (गाडीच्या शेपटावरची हवा अडवणारी उभी पट्टी) चार इंचांवरून दोन इंचांवर आणला आणि गाडीखालच्या डिफ्यूझरच्या काही उभ्या पट्ट्या काढल्या. 2024 मध्ये डिफ्यूझर आणखी साधा केला आणि स्पॉयलर तीन इंचांचा ठेवला. हेतू एकच: मागून येणाऱ्या गाडीला समोरच्या गाडीने ढवळलेल्या हवेचा त्रास कमी व्हावा.

फिनिक्ससारख्या मैलाच्या ट्रॅकवर हा विचार समजण्यासारखा आहे. मार्टिन्सव्हिलला वळणाच्या पोटात वेग इतका खाली येतो की हवेचा वाटा आधीच थोडा, आणि खरी पकड टायरची. तरीही दर वेळी हात हवेलाच घातला गेला. याचं कारण तांत्रिक नाही, हिशेबाचं आहे. स्पॉयलर म्हणजे एक पट्टी, ती बदलायला फारसा खर्च नाही. चाक, ब्रेक किंवा गिअरबॉक्स बदलायचा तर एकाच पुरवठादाराकडून घेतलेला प्रत्येक संघाचा साठा मोडीत निघतो. खर्च वाचवायला आणलेल्या गाडीत खर्चिक चूक दुरुस्त करणंच परवडेनासं झालं.

निकाल 16 एप्रिल 2023 च्या शर्यतीत दिसला. रायन प्रीसने पहिल्या क्रमांकावरून सुरुवात करून पहिल्या 135 फेऱ्या आघाडी राखली. मग पिट रोडवर (टायर-इंधनासाठी थांबायच्या बाजूच्या रस्त्यावर) वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड बसला, तो मागे गेला आणि पंधरावा आला. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, उरलेल्या फेऱ्या अडीचशेच्या वर. पुढे मोकळ्या वाटेवर तो सगळ्यांत वेगवान होता; गर्दीत शिरल्यावर इतरांसारखाच झाला. ती शर्यत काइल लार्सनने जिंकली. शेवटच्या थांब्यावर त्याने चारऐवजी दोनच टायर बदलले आणि जागा मिळवली. म्हणजे ताज्या टायरपेक्षा पुढची जागा मोलाची, हे संघांना कळून चुकलं होतं.

स्टेजची पद्धत यात भर घालते. 2017 पासून शर्यत तीन टप्प्यांत विभागली जाते. वसंतातल्या 400 फेऱ्यांच्या शर्यतीत 80 आणि 180 व्या फेरीला पिवळा झेंडा, म्हणजे वेग कमी करून रांगेत चालण्याचा इशारा, ठरलेलाच असतो. त्या वेळी जवळपास सगळे एकदम पिटमध्ये जातात, एकसारखे ताजे टायर घेऊन बाहेर येतात. टायर जुना-नवा यातून वेगातला फरक तयार व्हायचा, तोही असा पुसला जातो.

ब्रिस्टलचा दाखला

टेनेसीतलं ब्रिस्टल 0.533 मैलांचं, लांबीने मार्टिन्सव्हिलएवढंच. काँक्रीट पूर्ण, वळणांचा उतार मात्र खूप जास्त. 17 मार्च 2024 ला तिथे कोणाच्या ध्यानीमनी नसताना प्रयोग घडला. टायर पुरवणाऱ्या गुडइयरने टायर तेच आणले होते जे आदल्या सप्टेंबरमध्ये तिथे नीट चालले होते. पण वळणांतल्या खालच्या वाटेवर पकडीसाठी फवारायचं मिश्रण बदललं होतं आणि दिवस गार होता. रबर काँक्रीटला चिकटण्याऐवजी भुगा होऊन वर उडू लागलं. 40-50 फेऱ्यांत उजवे टायर आतल्या धाग्यांपर्यंत झिजायला लागले. नॅसकारला भर शर्यतीत प्रत्येक संघाला टायरचा एक जादा संच द्यावा लागला.

आघाडी 54 वेळा बदलली आणि 16 ड्रायव्हर पुढे येऊन गेले. छोट्या ट्रॅकवरचा हा विक्रम. डेनी हॅमलिन जिंकला आणि शेवटी एकही फेरी मागे न पडलेल्या गाड्या उरल्या फक्त पाच, त्याची धरून. गाडी नेक्स्ट जेनच होती. ताकद 670 च, ब्रेक मोठेच, गिअरबॉक्स तोच. फरक एवढाच की टायर झिजत होता, त्यामुळे जोरात जाणारा 30 फेऱ्यांनी उघडा पडत होता आणि जपून चालवणारा त्याला गाठत होता. काही चाहत्यांनी कुरकुर केली की ही शर्यत नव्हे, टायर वाचवण्याची स्पर्धा झाली. ती तक्रार गंभीरपणे घ्यावी असं वाटत नाही. मार्टिन्सव्हिलला ब्रेक वाचवायचे, ती पण हीच जातकुळी होती.

सप्टेंबरमध्ये त्याच ब्रिस्टलला शर्यत झाली. हवा गरम, रबर व्यवस्थित बसलं, टायर झिजले नाहीत. लार्सनने 500 पैकी 462 फेऱ्या आघाडीवर काढल्या. सहा महिन्यांत एकाच ट्रॅकवर एकाच गाडीची दोन टोकं दिसली. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तिथे टायर पुन्हा भराभर झिजले आणि शर्यत पुन्हा जिवंत झाली.

मग सगळीकडे मऊ टायर का देत नाहीत? द्यायचा प्रयत्न चालू आहे. मार्टिन्सव्हिललाही 2024 च्या शेवटी आधीपेक्षा मऊ टायर आले. पण झिजणं वेगळं आणि फुटणं वेगळं. टायर हळूहळू झिजला तर ड्रायव्हर सावध होतो. हवेचा दाब कमी ठेवून पकड वाढवणाऱ्या संघाच्या गाडीत तोच टायर भिंतीपाशी फाटतो आणि गाडी सरळ कुंपणावर जाते. त्यातून टायर कंपनीचं नाव टीव्हीवर खराब होतं. कंपनी सावध राहणारच. शिवाय काँक्रीटचं तापमान थोडं वरखाली झालं की तोच टायर एकदा भुगा होतो आणि एकदा डिंकासारखा चिकटतो, हे ब्रिस्टलने दाखवलंच आहे.

बंद वाट आणि बाद फेरी

हे दुखणं नुसतं कंटाळ्यापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण शरद ऋतूतली मार्टिन्सव्हिलची शर्यत ही 2020 पासून मोसमाच्या विजेतेपदासाठी लढणारे अंतिम चौघे ठरवणारी बाद फेरीची शर्यत होती. ओव्हरटेक होत नाही अशा जागी एकेका गुणावर वर्षाचा निकाल.

30 ऑक्टोबर 2022 ला रॉस चॅस्टेनला अंतिम चौघांत यायला शेवटच्या फेरीत दोन जागा हव्या होत्या. त्याने मागच्या पट्ट्यावर पाचवा गिअर टाकला, ब्रेक मारलाच नाही आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या बाहेरच्या भिंतीला गाडी घासत पाच गाड्या मागे टाकल्या. फेरी 18.845 सेकंदांत झाली. 2014 पासूनचा ट्रॅकचा विक्रम त्याने भिंतीच्या आधाराने मोडला. जगभर ती चित्रफीत फिरली, ज्यांनी कधी नॅसकार पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहिली. पण नीट बघितलं तर त्या दृश्याचा अर्थ एवढाच की रस्त्यावरून पुढे जायची सोय नव्हती. पुढच्या मोसमापूर्वी नॅसकारने सांगून टाकलं की असं केल्यास दंड होईल.

3 नोव्हेंबर 2024 ला प्रकरण हातघाईवर आलं. बायरन आणि क्रिस्टोफर बेल यांच्यात शेवटच्या जागेसाठी गुणागुणाची झुंज होती. बायरनच्या मागे ऑस्टिन डिलन आणि चॅस्टेन यांच्या, बायरनसारख्याच शेवरोलेच्या, दोन गाड्या जोडीने लागल्या. त्याला ओलांडायची घाई दोघांनाही नव्हती आणि मागून कोणाला वाटही मिळेना. दुसरीकडे बेलप्रमाणेच टोयोटा चालवणाऱ्या बबा वॉलेसने शेवटी वेग कमी केला आणि बेलला एक गुण मिळाला. बेल शेवटच्या वळणात भिंतीला लागून घासत आला. नॅसकारने बराच वेळ घेऊन त्यावर भिंतीचा नियम लावला आणि बायरन पुढे गेला. नंतर तिन्ही गाड्यांच्या संघांना आणि ड्रायव्हरना प्रत्येकी 1 लाख डॉलर, असा एकूण 6 लाखांचा दंड झाला, गुण कापले गेले, काही अधिकारी निलंबित झाले.

दोन गाड्या शेजारी शेजारी चालवून अख्खा ट्रॅक अडवता येतो, कारण त्यांना फोडून जाईल एवढा वेगातला फरक कोणाकडेच नसतो. जुन्या गाडीत ताजे टायर असलेल्या माणसाने हा बंदोबस्त दोन फेऱ्यांत मोडला असता. चाहत्याचा विश्वास उडाला तो इथे: शर्यत रटाळ असणं त्याने एक वेळ पोटात घातलं असतं, ठरवून केलेली वाटली ते नाही.

गाडीवर सरसकट अन्यायही नको. दीड मैलाच्या ट्रॅकवर हीच गाडी उत्तम ठरली. मे 2024 मध्ये कॅन्ससला लार्सनने क्रिस ब्यूशरला 0.001 सेकंदाने हरवलं, मालिकेच्या इतिहासातला सगळ्यात निसटता निकाल. पूर्वी नेमके हेच ट्रॅक कंटाळवाणे म्हणून बदनाम होते आणि छोटे ट्रॅक लाडके. नाणं उलटलं. पण ज्या प्रेक्षकाने मार्टिन्सव्हिलसाठी नॅसकार धरून ठेवलं होतं, त्याला कॅन्ससचं कौतुक सांगून काय उपयोग?

2026 चे बदल

2025 मध्येही चित्र फारसं हललं नाही. मार्टिन्सव्हिलला वसंतात हॅमलिनने 400 पैकी 274 फेऱ्या पुढे काढून शर्यत जिंकली. शरदात बायरनने 500 पैकी तीनशेहून अधिक. 2026 साठी नॅसकारने दोन निर्णय घेतले. एक, बाद फेऱ्या रद्द करून 16 ड्रायव्हर आणि दहा शर्यतींच्या एकूण गुणांवर विजेतेपद. मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या वळणात गाड्या आडव्या लावण्याचं आमिष यामुळे बरंच कमी होतं. दोन, दीड मैलापेक्षा लहान ट्रॅकवर आणि रोड कोर्सवर (डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकवर) पुन्हा 750 अश्वशक्ती.

80 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 12 टक्के वाढ. तिच्यामुळे दोन गोष्टी व्हायला हव्यात: पट्ट्याच्या टोकाला वेग वाढून ब्रेकचं अंतर थोडं लांबणं, आणि वळणातून निघताना मागची चाकं फिरून टायर तापणं. पहिल्यातून होणारा फायदा 800 फुटांच्या पट्ट्यावर किरकोळच. दुसऱ्यातून होणारा खरा, पण टायर मऊ असेल तरच. कडक, रुंद टायरवर 750 दिली तर सगळ्यांच्या फेऱ्या सारख्याच प्रमाणात वेगवान होतील आणि रांग तशीच राहील. पूर्वीच्या गाड्यांना एके काळी 850 ते 900 अश्वशक्ती असायची आणि टायर अरुंद होते. निम्मं जुनं आणि निम्मं नवं जुळवून किती साधेल याबद्दल आम्ही फार आशावादी नाही.

मार्टिन्सव्हिलची पुढची शर्यत बघताना आघाडी किती वेळा बदलली हे मोजण्यात अर्थ नाही. पिटमधल्या थांब्यांमुळे तो आकडा फुगतो. एखादा ड्रायव्हर निवडा. ताज्या टायरवरच्या त्याच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीची वेळ लिहून ठेवा आणि मध्ये पिवळा झेंडा न येता 60 फेऱ्या झाल्या की पुन्हा बघा. फरक तीन-चार दशांश सेकंदांचा असेल तर पिटमधून जो पुढे निघाला तोच पुढे राहणार. सेकंदाच्या जवळ गेला असेल, तर 20 फेऱ्या उशिरा टायर बदललेला माणूस मागून गाड्या ओलांडत येताना दिसेल. तसा तो आला आणि दुसऱ्या वळणात आतल्या बाजूने घुसला, की स्टँडमधली माणसं उठून उभी राहतील.